पाण्याला चव आली

नांदेडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी पीएच.डी. बुडबुड्यांवर आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात. पण काम खरंच तेच होतं: पाणी गाळणारा पडदा क्षारांनी चोंदला, की तो कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं कसा धुवायचा. असा आवाज पाण्यातून सोडला की बारीक बुडबुडे तयार होतात, फुगतात, फुटतात आणि त्या धक्क्यानं पडद्यावरचं कीट सुटतं. कंपनं कमी ठेवली तर बुडबुड्याला फुगायला वेळ मिळतो, तो मोठा होतो आणि दणकून फुटतो. कंपनं वाढवली की बुडबुडे लहान, फुटणंही हलकं. कढईला घासणी चालते, रेशमाला नाही, एवढंच ते शास्त्र. हे मी वर्गात, चर्चासत्रांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोकांना ऐकवलं आहे.

माझी थोरली बहीण चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात पिवळे, चाळिशीतल्या माणसांचे गुडघे धरलेले. अक्काच्या बचत गटानं गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, पण ते पाणी सपक लागतं म्हणून लोक फिरून बोअरवरच जायचे. अक्का दोन वर्षं घरोघर हिंडली, भांडली, तेव्हा कुठं गाव त्या नळावर आलं. रोज सकाळी ती मीटर बुडवून पाण्यातल्या क्षारांचा आकडा नळाशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायची. लोक आधी फळा बघायचे, मग घागर लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात पडदा चोंदला. धार करंगळीएवढी झाली. अक्काचा फोन आला, "नवा यायला आठ दिवस लागतेत म्हणून राहिलेत. तू एवढं शिकलास की रं ह्याच्यावर. बघ की काही."

त्या "एवढं शिकलास"नं मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. आमच्या प्रयोगशाळेतली टाकी जास्त कंपनांची, पण तिच्यात पडद्याचे तळहाताएवढे तुकडेच मावायचे. अक्काचा पडदा म्हणजे दोन हात लांब गुंडाळी. लातूरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात इंजिनाचे भाग धुणारी मोठी टाकी होती. कमी कंपनांची, लोखंडावरचं जळकं ऑइल सोलून काढणारी. असल्या टाकीत पडदा फाटू शकतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरी म्हटलं, थोडाच वेळ ठेवू, काय होतंय. आठ दिवस थांबलो असतो तर काही बिघडणार नव्हतं. पण मग माझी हुशारी कुणाला दिसली असती? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

गुंडाळी परत बसवली तर धार मनगटाएवढी. बायकांनी मला नारळ दिला, दोनदा चहा पाजला. प्रयोगशाळेत आम्ही धारच मोजायचो. पाणी जोरात आलं की पडदा स्वच्छ, असं डोक्यात बसलेलं. पडदा फाटला तरी धार वाढतेच, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही. एका म्हाताऱ्यानं ओंजळभर पाणी पिऊन मान डोलावली, "आता कसं, पाण्याला चव आली!" सगळे हसले. मीही हसलो.

तीन आठवड्यांनी सहज अक्काकडे गेलो. तिनं तांब्या पुढं केला. एक घोट घेतला. हे तर बोअरचं पाणी. तसाच उठून नळावर गेलो, अक्का मागोमाग आली. फळ्यावर मी पडदा नेला त्या दिवसाचा आकडा अजून तसाच होता.

"अक्का, मीटर लावलं नाहीस?"

"तू सोता धुतलास, मग काय तपासायचं?" ती म्हणाली. "भावाच्या कामाला मीटर लावू का?"

मी मीटर बुडवलं. आकडा जवळपास बोअरचाच. मग तिला सगळं सांगितलं. गॅरेज, टाकी, आणि मला आधीपासून माहीत होतं तेही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त नळाचा कॉक बंद केला आणि म्हणाली, "चल. गावाला सांगावं लागंल."

त्या गावात मयत असो, रेशन असो, सगळं मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून कळतं. मी माईक हातात घेतला. "गावकऱ्यांना कळविण्यात येते की, काही तांत्रिक कारणामुळे..." एवढंच तोंडातून निघालं. माझी मलाच लाज वाटली.

अक्कानं माईक काढून घेतला. "मी बोलून राहिले. नळाचं पाणी तीन हप्त्यांपासून खराब हाय. कोणी पिऊ नका. मी मीटर लावलं न्हाई. चूक माझी हाय."

बाहेर पारावर बसलेली माणसं तिच्याकडे बघत होती. तिनं माईक खाली ठेवला, तो अजून चालू होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.