शेवंतीच्या उशाशी आई, पायथ्याशी सासू

शेवंतीच्या घोट्यावर मी अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. परीक्षानळीत तिची लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर ती पांढरट गढुळली. म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं. ब्लड प्रेशरही चढलेलं. याला आम्ही टॉक्सिमिया म्हणायचो. तो वाढला की झटके येतात आणि बाई, मूल दोघंही हाताबाहेर जातात. शेवंतीला आठवा महिना सरत आला होता. वय सोळा.

पन्नासच्या दशकात मी पनवेलच्या एका लहानशा प्रसूतिगृहात नर्स होते. त्या काळी अशा पेशंटचं मीठ बंद करायचे.

"हिचं मीठ खरंच बंद आहे का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"सेगुलाबाईंनी सांगितलंय ना? मग असणारच."

सेगुलाबाई आमच्या हेल्थ व्हिजिटर. घरोघर जाऊन गरोदर बायकांची विचारपूस करायच्या. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पनवेलातच वाढलेल्या. आवाज साखरेचा. पोरी त्यांना नुसत्या बिलगायच्या. मला मात्र 'नर्सबाई', तेही दोन हात लांबून. कळा देताना ओरबाडायच्या माझा हात आणि नाव घ्यायच्या सेगुलाबाईंचं. माझा जळफळाट व्हायचा. का होऊ नये?

तेव्हा दुपारच्या सुट्टीत मी शेवंतीच्या घरी गेले, ते सेगुलाबाईंची चूक पकडायलाच. खाडीकाठची आळी. नवरा, सासरा, सगळे मिठागरात कामाला. शेवंती जेवायला बसली होती. ताटात भात, कालवण आणि भाजलेले सुके बोंबील.

"मावशी, हे काय?" मी सासूला विचारलं.

"मिठाचा खडा घातला नाय बाय. कालवण पन अळणी. चाखून बघा."

"आणि हे बोंबील?"

"ती मासळी हाय. सेगुलाबायनी मीठ बंद केलंय, मासळी नाय. पोरीच्या अंगात ताकद नको?"

बोंबील मीठ लावून सुकवलेले होते. पण मिठागरातल्या माणसांना मीठ म्हणजे डोळ्यांसमोरची पांढरी रास. मासळीत मुरलेलं ते मीठ त्यांच्या हिशेबातच नव्हतं. सेगुलाबाईंनी ते विचारलं नव्हतं. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. परत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, सेगुलाबाईंच्या देखत. त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "तिला आजच अ‍ॅडमिट करा."

सेगुलाबाई तिला घेऊन आल्या, पण मागोमाग तिची आई उभी. खाडीपलीकडच्या न्हाव्याहून होडीने लेकीला न्यायला आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सेगुलाबाईंनी तिचा हात हातात घेऊन गोड शब्दांत समजावलं. डॉक्टरांनी झटक्यांची भीती घातली.

"आमच्याकडं सुईन हाय," आई म्हणाली. "पयली येळ आयशीकडंच. भरती हाय तवर निघाया पायजे."

सासूही सोबत आली होती. रिवाजापुढे ती काय बोलणार? पण विहिणीकडे कशी बघत होती, ते मी पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. सेगुलाबाईंना ती कधी ओळखता आली नसती.

मी सासूला बाजूला घेतलं. "मावशी, सूज तुमच्या घरात आली. तिकडे काही बरंवाईट झालं तर गावभर नाव कोणाचं होईल?"

सासू पुढे होऊन म्हणाली, "सून हितनं हलायची नाय." मग मी आईला गाठलं. "आई जिथे बसते तिथे माहेर. उशाशी तुम्ही बसा. सासूबाई पायथ्याशी बसतील. तुम्ही होडीत बसलात, तर उशाशी कोण बसेल ते तुम्हीच बघा."

आईने पिशवी खाली ठेवली. "मी उशाशी," ती म्हणाली.

होडी तिच्याविनाच गेली. मी दोघींनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, "लक्ष ठेवा हं. दुसरी मायेपोटी चोरून मासळी देईल." झालं! अळणी पेज आली की दोघी वाटीत वाकून बघायच्या. मीठ चिमूटभरही आत येईना. वॉर्डात असा पहारा मी पुन्हा पाहिला नाही. हळूहळू सूज ओसरली, प्रेशर उतरलं. दिवस भरल्यावर शेवंतीला मुलगी झाली. चणीने लहान, पण आवाज खणखणीत. झटका एकही आला नाही.

नव्या नर्सेसना मी यातून एवढंच सांगते: पथ्य सांगितलं की ताट बघून या. आणि घरातल्या दोन बायकांची चुरस मोडायला जाऊ नका, तिला पेशंटच्या कामाला लावा.

घरी जाताना शेवंती बाळ घेऊन माझ्यासमोर आली. मी पदर सावरला, हात पुढे केले.

"नर्सबाई," ती म्हणाली, "सेगुलाबाय कुठं हायत? त्यांच्या पाया पडायचंय. त्यांच्यामुळं वाचले मी."

"ओपीडीत आहेत," मी म्हटलं, आणि दार उघडून दिलं.