आंब्याचं बारसं

तलावातला गाळ आणि गावातले किस्से, दोन्ही एकाच जातीचे. या उन्हाळ्यात उपसा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गुडघाभर!

आमचं गाव सालेकशाकडचं. मालगुजारीच्या काळात गावच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, खचली. हुकूम नाही, मजुरी नाही. आम्ही दहा-बाराजण आपणच टोपल्या घेऊन माती टाकायला उतरलो. त्यात मी होतो, आणि माझ्या नशिबाने सदाशिवही होता.

माझी टोपली त्याच्या दीडपट. पण सदाशिव माती टाकता टाकता गायचा. गावचे जमीनदार, मालगुजार, घोड्यावरून आले आणि म्हणाले, "वा सदाशिव! तूने तो पूरी पार खडी कर दी!"

मला गाता गळा नाही, हा काय माझा गुन्हा?

*

एकदा मी गाळात कमरेपर्यंत रुतलो. खोटं सांगत नाही, धोतरात हातभर मरळ शिरली! सदाशिवने हात देऊन मला ओढलं, मरळीसकट. मासा मी धरलेला, पण गावभर बोभाटा काय? "सदाशिवनं किसनभाऊले वाचवलं!"

मरळ मात्र सगळ्यांनी खाल्ली.

*

पार पक्की झाली. मग ठरलं, ज्याने त्याने पारीवर एकेक आंबा लावायचा. पहिला मोहोर आला की लावणाऱ्याच्या नावाने झाडाचं बारसं! मला मूलबाळ नाही. गावात माझं नाव राहायचं तर त्या आंब्यावरच.

मी काट्यांचं कुंपण केलं. इतकं दाट, की शेळीच काय, पाणी घालायला माझाही हात आत जाईना.

बायको म्हणाली, "आंब्याले जेलात टाकलं का जी?"

आंबा जेलातच वारला.

*

सदाशिवने नुसतं रोप खोचलं, दोन काटक्या रोवल्या. तरी ते तरारलं! मी रोज सकाळी लोटा घेऊन पारीपलीकडे जायचो. परतताना तिथे थांबून बघायचो, आज तरी वाळलं का? नाही! मग रागाने लोट्यातलं उरलेलं पाणी त्याच्या बुंध्यात भिरकावायचं आणि घरी यायचं.

काही वर्षांनी त्याला मोहोर आला. बारशाला गाव जमलं. मला राहवेना.

"सदाशिव, खरं सांग गा. काय घालून राहिला होता तू याले?"

"काहीच नाई, किसनभाऊ! लावल्यावर मी वळून बी पाह्यलं नाई. देवानंच जगवलं."

माझी बायको बायकांमध्ये उभी होती. पदर सावरून पुढे आली.

"बरोबर हाय, भाऊजी! देव रोज सकाळी लोटा घेऊन जाते, अन् घरी येऊन तुमच्या नावानं बोटं मोडते!"