पाखरं हाकणारे गफूरचाचा

गफूरचाचा माणसांशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. शिव्या ते फक्त पाखरांना देत, आणि त्याही अस्सल श्रीवर्धनी. मी कामावर रुजू झालो त्या सकाळी ते लंगडत एका डबक्याभोवती फिरत होते, पत्र्याच्या पिंपावर पाना बडवत होते आणि आभाळाकडे बघून म्हणत होते, "मेल्यांनो, ही काय तुमच्या बापाची खाडी आहे? व्हा तिकडं." मग माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "तुम्ही नवे इलेक्ट्रिशियन ना? चहा झाला काय?"

हे सौदीच्या उत्तरेला, दुमत अल-जंदलला. शेतांचं जादा पाणी साठून तिथं वाळवंटात मोठा तलाव झालाय. सप्टेंबर लागला की उत्तरेकडून बदकांचे, शेकाट्यांचे थवे येतात, काही दिवस टेकतात आणि पुढं जातात. तलावापासून तीनेक किलोमीटरवर आमचं वर्कशॉप होतं. त्याच्या मागं गाड्या धुतलेल्या तेलकट पाण्याचं डबकं. उन्हात ते तलावापेक्षा जास्त चकाकायचं. दमून आलेल्या पाखराला फरक कळत नसे. एकदा बसलं की पंखांना तेल लागायचं आणि उडणं संपायचं.

चाचा मूळचे स्कॅफोल्डर. उंचावरून पडून पाय मोडला तेव्हा कंपनीनं त्यांना हलकं काम म्हणून डबक्यावर बसवलं. "तीस वर्षं परांच्या बांधल्या, कोणी नाव घेतलं नाही," ते म्हणायचे. "आता रशियाची बदकंसुद्धा मला ओळखतात. चांगलं म्हणत नसतील."

दुसऱ्या वर्षी इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी त्यांना दिवसभर सकाका शहरात जावं लागलं. डबकं माझ्याकडे आलं. दुपारी अकरा बदकं उतरायला लागली. मी टाळ्या वाजवल्या, शुक शुक केलं. पिंप बडवायला मला कसंसंच वाटलं. आजूबाजूला माणसं होती. बदकं बसली.

चाचा संध्याकाळी परतले. मेसमधून भांड्यांचा साबण आणला, टबात कोमट पाणी घेतलं आणि एकेक बदक धुवायला बसले. मी शेजारी बसून टॉवेल धरत होतो. दोन जगली. बाकीची आम्ही कुंपणापलीकडे पुरली. मी माफी मागितली.

"तुझी चूक नाही," चाचा म्हणाले. "तू सभ्य माणूस. या कामाला सभ्य माणूस चालत नाही."

त्या आठवड्याच्या सेफ्टी मीटिंगमध्ये ते उठून उभे राहिले आणि इंजिनिअरला हिंदीत म्हणाले, "साब, उसपे जाली डालो." इंजिनिअर इन्शाअल्ला म्हणाला. पुढच्या मीटिंगलाही चाचा उठले. त्याच्या पुढच्याही. शेवटी मीच त्यांना बाजूला घेतलं.

"चाचा, जाळी आली तर तुम्हाला इथं काम काय राहणार?"

"काहीच नाही."

"मग घरी पाठवतील की."

"पाठवू देत. जन्मभर काय शिव्याच देऊ?"

जाळी आली ती पुढच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्याकडच्या. तिथं पाऊस कुठला. ती बसवायला चाचाच मोडक्या पायानं शिडीवर चढले, कारण बाकीच्यांच्या गाठी त्यांना पसंत नव्हत्या. महिन्याभरात त्यांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का लागला, म्हणजे कायमचं घरी. इंजिनिअरनं हात मिळवला आणि खजुराचा डबा दिला.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, चाचा म्हणाले, "सावंत, तलावावर नेतोस काय?"

सहा मोसम तीन किलोमीटरवर काढून ते तिथं एकदाही गेले नव्हते. पाखरं असत तेव्हा ड्यूटी असे, आणि ड्यूटी नसे तेव्हा पाखरं नसत.

मी पिकअप काढली. चाचा काठावर चप्पल काढून बसले. पाणी बदकांनी भरलं होतं. थापट्या बदकांची एक जोडी पंधरा पावलांवर चोची पाण्यात घालून चरत होती. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"ओळखता काय यांना?" मी विचारलं.

"सगळ्यांना. पण पाठीकडून."

तास झाला, दीड तास झाला. ऊन कलायला लागलं.

"चाचा, निघू या? तुमची बॅग भरायची राहिलीय."

"बस जरा," ते हळू आवाजात म्हणाले. "तोंडं बघतोय."