आप्पांची जीभ आणि माझी वही

आमच्या रानाला लागून रान असलेल्या शिरोळच्या आप्पांविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे मला ठाऊक नाही. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच, आणि त्या शिक्षणाने आप्पांचे नुकसानच केले. त्यांना ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आप्पा माती चाखत. सकाळी रानात शिरले की चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा, गोड की खारी. वाटेवरचे लोक थट्टेने विचारत, आज रानात काय शिजलंय? ते गंभीरपणे सांगत, "मीठ जरा जास्त पडलंय, पावणं."

सारा गाव उसाच्या मागे असताना त्यांनी विहिरीजवळ चाळीस द्राक्षवेली लावल्या होत्या. हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पहिला घड पोचवायचा, एवढीच त्यांची हौस.

मी तेव्हा कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहून शेतीच्या कॉलेजात शिकत होतो. दुसऱ्या वर्षी सुट्टीत आलो, तर वेलींच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि शेंडे वाढायचे थांबले होते. आप्पांचे मत पाणी कमी करावे असे होते. मी वही उघडून सांगितले, भरपूर पाणी द्या, मीठ खाली धुऊन जाईल. ते वहीत होतेच. पुढच्याच ओळीत होते की त्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी. ती ओळ मी वाचलीच नाही.

"तू शिकल्यालास, तम्मा," धाकट्या भावाला हाक मारावी तसे आप्पा म्हणाले. "म्हंतोस तर देऊ की."

काळ्या रानात पाणी साचले आणि खालचे मीठ वर आले. पुढच्या उन्हाळ्यात बुंध्यांभोवती पांढरा थर दिसला. तीस वेली वाळल्या होत्या.

माफी मागायला गेलो, तर आप्पा एकटेच वेलींपासून ओढ्यापर्यंत चर खणत होते.

"जीभ सांगत हुती, मीच ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "आता वही पुरी वाच. आन् ती कुदळ घे."

सुट्टी संपेपर्यंत आम्ही चर खणला. रोज संध्याकाळी ते मला माती चाखायला लावत. रोज ती खारीच लागे.

पुढे नोकरीने मला लांब नेले. वडिलांना लिहिता येत नव्हते. पत्र लिहून देणारे मास्तर भेटेपर्यंत महिना गेला. कार्डावर दोनच ओळी होत्या : 'आप्पा पावसाळा सरताना गेले. चराकडच्या दहा वेलींखालची माती गोड झाली, हे तुला कळवायला सांगून गेले.'