गाडी लागते का?

लहानपणी वेल्ह्याहून पुण्याला जाताना मी एस.टी.त ओकलो नाही, असं एकदाही झालं नाही. मला बघितल्याबरोबर कंडक्टर खिडकीची जागा रिकामी करायचा. आवळासुपारी झाली, लिंबू झालं. नसरापूर येईपर्यंत व्हायचं ते व्हायचंच. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा याच भीतीनं फक्त दिवाळीला आणि मे महिन्यात घरी यायचो.

पुढं परदेशी शिकायला गेलो आणि तिकडचाच झालो. तिथल्या अंतराळ संस्थेनं अंतराळवीर होण्यासाठी अर्ज मागवले, तो कोरा अर्ज घेऊनच सुट्टीला वेल्ह्यात आलो. एका प्रश्नापाशी अडलो होतो: वाहनातून जाताना मळमळ, उलटी होते का? ‘हो’ लिहिलं की अर्ज बाद, अशी माझी खात्री होती. आणि मला वर जायचंच होतं. इतका जीव मी दुसऱ्या कशावर टाकला नव्हता.

दादा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत शिपाई होते. जेवताना त्यांना प्रश्न वाचून दाखवला.

“हाय तसं लिव,” ते म्हणाले.

“मग घेणार नाहीत.”

“न्हाई तर न्हाई. कचेरीत एवढी वर्सं बघतोय. खोटं लिवलेला मानूस सा म्हैन्यांनी परत येतो आन म्हनतो, मागं काय लिवलं व्हतं तेवढं बघून सांगा.”

मला हसू आलं. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून मी ‘नाही’ असं लिहिलं.

“लिवलं का खरं?” दादांनी आतून विचारलं.

“लिहिलं.”

निवड झाली. बरीच वर्षं तयारीत गेली आणि एकदाचा वर गेलो. पहिले दोन दिवस हातातली ओकायची पिशवी सुटली नाही. बरोबरच्या दोघांचीही तीच गत. परतल्यावर संस्थेच्या डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, बस लागण्याचा आणि वरच्या त्रासाचा संबंध नाही, त्या उत्तरावरून आम्ही कधीच कुणाला नाकारलं नाही. म्हणजे खोटंसुद्धा फुकट गेलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही. आता प्राध्यापक म्हणून मुलांचे अर्ज तपासताना आवाज उगाच चढतो आणि मुलं मला खडूस म्हणतात.

वरून परतलो त्याच वर्षी वेल्ह्यात सत्कार झाला. बाजारातल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता, शिवऱ्याहूनही माणसं आली होती. लोकांनी दादांना बोलायला उभं केलं. माईकसमोर ते पहिल्यांदाच उभे राहत होते.

“पोरगं वर गेलं ते तुमी पेपरात वाचलंच,” ते म्हणाले. “पन त्याला गाडी लागती, हे समद्या गावाला ठावं हाय. फारमावर त्यानं ते खरं लिवलं. तरी त्याला घेतलं. मला त्येचंच लई वाटतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.