नासिरभाईचा पहिला अंक

नासिरभाई कॅसेटचे कान तोडायचा. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारके तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. त्या तुकड्यांना कान म्हणणारा मला तो एकटाच भेटला. गिऱ्हाईकाची गाणी भरून झाली की बॉलपेनचं टोक घालून तो दोन्ही कान उडवायचा आणि म्हणायचा, "झाली बहिरी. आता हिला कोन काय शिकवू शकत नाय."

पेणला एसटी स्टँडजवळच्या एका गल्लीत कॅसेटचं दुकान होतं. दुकान दुसऱ्याचं, नासिरभाई तिथे कामाला. रोज सकाळी रोह्याहून यायचा, संध्याकाळी परत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आईबाप धरमतरच्या बाजूला मिठागरात. शहरात कुठल्याही दुकानात शिरायची मला भीती वाटायची. त्या दुकानात जे वाजत होतं ते कळत नव्हतं, पण पाय हलत नव्हता, म्हणून तीन दिवस मी समोरच्या पानटपरीशी उभा राहून ऐकलं. चौथ्या दिवशी त्याने हाक मारली. म्हणाला, "तीन दिस बघतोय तुला. काय पायजे ते विचार ना. विचारायला काय जातंय?"

मी विचारलं, हा माणूस गात का नाही?

"गायला त्याला वेळ नाय. तो भांडतोय. पन तालात भांडतोय."

ही रॅपशी माझी पहिली ओळख. नासिरभाईचे वडील अठरा वर्षं आखातात होते. सुट्टीवर येणाऱ्या कोणाबरोबर तरी ते असल्या कॅसेट पाठवायचे, आणि एकदा दोन इंग्रजी मासिकंही पाठवली होती. चकचकीत कागदावर फक्त रॅपबद्दलची मासिकं. नासिरभाई बारावीत इंग्रजीतच नापास झालेला. तरी डिक्शनरी घेऊन त्याने ती दोन्ही मासिकं पानापानाने वाचली होती, समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. त्यातूनच त्याच्या डोक्यात आलं की मराठीत असं मासिक पाहिजे.

त्यासाठी त्याने दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'अंक पहिला'. मासिकाचं नाव ठरत नव्हतं, म्हणून वर जागा मोकळी सोडलेली. आत रकाने आखलेले: महिन्याचं गाणं आणि त्याचा अर्थ, नवीन कॅसेट, वाचकांची पत्रं. पत्रं आधी आपणच लिहायची, मग लोक लिहितील, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या पानावर वाचकांची यादी होती. असली कॅसेट मागणाऱ्या प्रत्येकाला तो तिथे नाव लिहायला लावायचा. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेले दोघे होते, नागोठण्याचा एक रिक्षावाला होता. कॉलेजातल्या एका मुलीने नाव द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने गंभीरपणे लिहिलं, 'एक वाचक (पेण)'. सगळे मिळून अकरा. बारावा मी.

रोह्याच्या एका छापखान्यात तो मला घेऊन गेला होता. मालक लग्नपत्रिकेसाठी छपाईचे खिळे जुळवत बसले होते. त्यांनी वही चाळली, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं की हे वाचणार कोण.

"ऐकतात ते वाचतील," नासिरभाई म्हणाला.

"अरे, ऐकणारे वाचत नाहीत आणि वाचणारे ऐकत नाहीत. मी तीस वर्षं बघतोय."

बाहेर आल्यावर नासिरभाई कुंडलिका नदीच्या पुलापाशी थांबला. मग म्हणाला, "त्याने नाय म्हटलं नाय. ऐकलंस ना? नाय असं नाय म्हटलं." त्याला कोणी सरळ नाही म्हणेपर्यंत तो ते हो समजायचा. या स्वभावावर मी तेव्हा हसायचो.

अंकावर त्याचं काय अवलंबून होतं हे मला हळूहळू कळलं. वडिलांनी त्याच्यासाठी व्हिसाची खटपट सुरू केली होती. ईद झाली की जायचं, असं त्याच्या मामूंनी घरात ठरवूनही टाकलं होतं. त्याला जायचं नव्हतं. तो म्हणायचा, "अब्बा गेले तवा मी चार वर्साचा होतो. मी बाप कॅसेटवर ऐकलाय." ते खरंच होतं. त्यांच्या घरी पत्रं कमी आणि कॅसेटच जास्त. तिकडून अब्बा अर्धा तास बोलून भरून पाठवायचे, घरातले ऐकायचे, आणि त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून कोणी जाणाऱ्याबरोबर परत पाठवायचे. एकाचा आवाज पुसून दुसऱ्याचा, अशी त्यांची अठरा वर्षं गेली होती. या वेळी नासिरभाईने स्वतः बोलून पाठवलं होतं: मला एक वर्ष द्या, अंक काढतो, नाही चालला तर गपचूप येतो. उत्तराची तो वाट बघत होता.

त्या दिवसांत त्याने मला एक काम दिलं. मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं की मिठागरातल्या बायका मिठाच्या पाट्या वाहताना एकमेकींना टोमणे मारतात, तेही चालीच्या ठेक्यात. माझी आई त्यात पुढे. तो हातातलं काम टाकून माझ्याकडे वळला. "आनि हे तू आता सांगतोस? हेच तर रॅप हाय रे. अंकाचं पयलं पान तुझ्या आयेचं." दोन दिवसांनी त्याने घरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं मशिन, आणि न खपलेल्या जुन्या कॅसेटची पिशवी माझ्या हातात दिली. या कॅसेटचे कान कंपनीतूनच तुटलेले असतात. तिथे कागदाची घडी कोंबली की पुन्हा भरता येतात, हे त्यानेच मला शिकवलं होतं. निघताना म्हणाला, "काय अडलं तर दुकानात फोन कर. विचारायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी भरतीला मचवा लागायचा होता, त्या होडीत मीठ चढवायचं होतं. मी बांधावर टू-इन-वन ठेवला. पिशवीतल्या पहिल्या कॅसेटची फीत आतच गुंडाळली गेली, दुसरी फिरेना. बायका तोवर चालायला लागल्या होत्या. मशिनमध्ये आधीच असलेली एक कॅसेट मी सुरुवातीला काढून बांधावर ठेवली होती. ती उचलून बघितली. कान तुटलेले, लेबलावर उर्दूत एक ओळ. मला उर्दू येत नाही. वाटलं, जुन्या कव्वाल्या असतील, पिशवीतलीच एक असेल. विचारावं असंही वाटलं. फोन गावात, सायकलवर वीस मिनिटं. तिकडे आई ओरडत होती, "दिन्या, भर लवकर, मंग नाय गानार." मी कागदाची घडी कोंबली आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं दाबली.

पाटी डोक्यावरी, पाय बांधावरी, पुढं गेली पुढची, मागची का घरी... छान भरलं गेलं. अर्धा तास. मी खूश होतो.

चारच दिवसांनी नासिरभाई दुकानात दिसला नाही. मालकाने सांगितलं, त्याचे वडील तिकडे झोपेत गेले. तिकडेच दफन झालं.

मी टू-इन-वन घेऊन रोह्याला गेलो. तो तिसरा दिवस होता. पडवीत माणसं बसलेली. अम्मी आतल्या खोलीत, दाराला पडदा. नासिरभाईने मशिन माझ्या हातून घेतलं, तेव्हा पडद्याआडून अम्मींचा आवाज आला, "आला काय टेप? मंग लाव ना रे ती कॅसेट. मशिनमधेच हाय. तू मशिन नेलंस त्या सकाळी मी ऐकून तशीच ठेवलेली." बसलेल्या माणसांना मामू हळू आवाजात सांगू लागले की अब्बांची शेवटची कॅसेट आहे, वरची ओळही त्यांच्याच हातची, नासिरने कान तोडून ठेवलेली, ही परत पाठवायची नाही म्हणून.

मी कुठल्या कॅसेटवर भरलं होतं ते मला तेव्हा कळलं. तरी बोललो नाही. नासिरभाईने बटण दाबलं.

पाटी डोक्यावरी, पाय बांधावरी.

माझी आई त्या पडवीत गात होती. मागे बायका हसत होत्या. नासिरभाईने माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी तोंड उघडलं तोवर त्याने बटण बंद केलं आणि पडद्याकडे वळून म्हणाला, "अम्मी, माझ्याकडनं झालं. मी पुसली."

मामू उठून त्याला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. अंकाचं खूळ, गाण्याचं वेड, सगळं निघालं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी शेजारी उभा होतो. अम्मी ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."

दुसरी बाजू कोरी होती. कॅसेट नवी, अब्बा एकाच बाजूवर बोललेले. नुसती खरखर. नासिरभाई थांबवायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. मधेच कुठं बोलले असले तर?" अर्धा तास आम्ही सगळे ती खरखर ऐकत बसलो. शेवटी बटण आपोआप वर आलं.

त्यानंतर मी दुकानात गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

ईदनंतर त्याचा निरोप आला, अमुक गाडीने जातोय, स्टँडवर ये. गाडी पेणला दहा मिनिटं थांबली. तो खाली उतरला. नवा शर्ट, पायात वडिलांचे बूट, थोडे मोठे. मी माफी मागायला लागलो तर त्याने हात वर करून थांबवलं. म्हणाला, माझी चूक घरातले कवाचे विसरले, तुझी कवाच विसरले नसते. मग त्याने स्वतःहून सांगितलं. त्या कॅसेटवर अब्बांनी त्याने मागितलेल्या एका वर्षाला होकार दिला होता. एवढंच नाही, त्यांच्या खोलीत राहणाऱ्या एका परदेशी पोराला त्यांनी मशिनसमोर बसवून दोन मिनिटं तालात बोलायला लावलं होतं. "आनि मंग अब्बा हसले. मी त्यांना हसताना तवाच ऐकलं. लय वेगळं हसायचे."

कंडक्टरने घंटी दिली. त्याने पिशवीतून वही आणि ती कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. कानातली कागदाची घडी काढून टाकलेली होती.

"अम्मीने दिलीय," तो म्हणाला. "म्हनाली, ज्याची आय हाय त्याला दे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून असेल. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तू परत आलास की अंक काढायचा का, एवढं मला विचारायचं होतं. राहून गेलं.

याला दोन वर्षं झाली. त्याचं पत्र नाही, कॅसेट नाही. आई अधूनमधून म्हणते, "त्या दिसाचं कवा ऐकवशील रे? मी माजा आवाज ऐकलाच नाय." मी सांगतो, फीत खराब झाली.

गेल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरताना कॉलेजच्या ऑफिसातले एक क्लार्क उर्दू पेपर वाचताना दिसले. मी दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि कॅसेट त्यांच्यापुढे ठेवून विचारलं, यावर काय लिहिलंय?

त्यांनी ती खिडकीकडे धरली. "नासिरच्या पहिल्या अंकासाठी," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कसला अंक?"

मी म्हटलं, "निघाला नाही."