वहिनी आणि माडीवरचा आवाज

दादाचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या बाजारात भाजी घेत होतो. तो म्हणाला, "सुमन गेली रं. चहा पिऊन भिताडाला टेकून बसली, ती उठलीच न्हाई." भाजी तिथंच टाकून मी दादाच्या गावची, नांद्याची वाट धरली. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, बाई मोठी सोशिक होती. मला ते पटत नाही. वहिनी सोशिक नव्हत्या, चिवट होत्या. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला जाईपर्यंत त्या स्वतः बसत नसत आणि दुसऱ्यालाही बसू देत नसत. अमोलच्या कॉम्प्युटरमधला आवाज त्यांनी कसा हुडकून काढला, ते मी जवळून पाहिलं आहे.

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. पिरंगुटच्या एका कारखान्यात कायम झाला होता. घरची बरीचशी जमीन इमारतींखाली गेलेली, त्यामुळे पोराची नोकरी हाच दादाला मोठा आधार वाटे. आणि एक दिवस अमोलनं ती सोडली. त्याला कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचे होते, ते तो घरीच शिकला होता. दादा म्हणाला, "खेळून कुनाचं पोट भरल्यालं मी तरी बघितलं न्हाई." अमोल म्हणाला, "तुम्ही बघितलं नाही म्हणून ते खोटं होत नाही, आबा." शब्दाला शब्द वाढत गेला आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "मग त्यो डबा उचल आन चालता हो." अमोल हैदराबादला गेला. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागलाही. कॉम्प्युटर मात्र माडीवरच्या खोलीत राहिला. पुढं दादा तो भंगारात घालायला निघाला, तर वहिनी जिन्यात आडव्या आल्या. म्हणाल्या, "माज्या लेकाची चीज हाय. हात लावायचा न्हाई." अमोलचा फोन यायचा तो आईला, जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यापुरता. बापाचं नाव तो काढत नसे, आणि इकडं दादाही काढत नसे.

मशीन अधूनमधून चालू करत जा, एवढं तो आईला सांगून गेला होता. त्यामुळं वहिनी रविवारी दुपारी माडीवर जायच्या. ट्रक चालवण्याचा एक गेम त्यानं त्यांना कधीतरी शिकवला होता, तो घटकाभर खेळायच्या. एका रविवारी मी तिथं होतो, तर वरून हाक आली, "भाऊजी, जरा या बरं. हे कशानं घरघरतंय?" मी गेलो. मी हायस्कूलात इतिहास शिकवलेला माणूस, मला काय कळणार... पण आवाज खरोखरच वाईट होता. कोरड्या गिरणीत खडा अडकावा तसा. वहिनींना आधी वाटलं आत पाल शिरली असेल. मग त्यांनी शिलाई मशीनचं तेल काढलं. ते ओतण्याआधी अमोलला विचारा, असं मी म्हटलं म्हणून त्यांनी फोन लावला. तोही चेहरा दिसणारा, व्हिडिओचा. एरवी अमोल तो टाळत असे, त्या दिवशी उचलला.

"तेल नको, आई," तो घाईघाईनं म्हणाला. "राहू दे ते. जुनं झालंय. मी नवीन घेणारच आहे."

"तू नवं घे की. मला ह्योच नीट करायचाय."

"कशाला पण?"

"आवाज करतुया म्हनून."

मग आवाज नेमका कधी येतो ते आधी बघ, असं तो म्हणाला. इथून दोघांचं सुरू झालं. पहिल्या दिवशी एवढंच कळलं, की नुसतं चालू केल्यावर मशीन गप्प असतं आणि ट्रक धावायला लागला की घरघरतं. अमोल म्हणाला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रं तेच काढतं, काम वाढलं की तापतं आणि मग त्याचे पंखे फिरतात. दुसऱ्या खेपेला काचेचं झाकण उघडलं. समोरच्या बांधकामाची धूळ आत पिठासारखी बसली होती. वहिनींनी ती मऊ ब्रशनं झाडली, लोंबणाऱ्या वायरी बांधून बाजूला केल्या. चालू करून पाहिलं, तरी घरघर तशीच. मी म्हटलं, वहिनी, सोडून द्या आता. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं टॉर्च धरली. मग अमोलच्या सांगण्यावरून त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ. मशीन बंद करून एकेक पंखा बोटानं फिरवला. दोन भिंगरीसारखे फिरले. मधला खरखरत अडला. "ह्योच त्यो," वहिनी म्हणाल्या, आणि फोनमध्ये अमोल हसला. त्याला हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो.

नवा पंखा त्यानं कुरिअरनं पाठवला. तो बसवायला कार्ड बाहेर काढणं भाग होतं. ते विटेसारखं जड, आणि खाली एक बारीक खटका, तो दाबल्याशिवाय निघत नाही. वहिनींचे हात कार्डाचं वजन पेलण्यात गुंतलेले, मी टॉर्चमध्ये अडकलेलो, फोन टेबलावर उभा केलेला. खटका काही दबेना. खाली टीव्ही मोठ्यानं लागला होता, तो अचानक बंद झाला. जिन्यावर पावलं वाजली. दादा आत आला आणि त्यानं दोन्ही तळव्यांवर कार्ड तोलून धरलं, तसा वहिनींच्या बोटानं खटका दबला.

फोनमध्ये नुसते हातच दिसत असणार. अमोलनं विचारलं, "आई... ते हात कुणाचे?"

"हात हायेत," वहिनी म्हणाल्या. "तू फुडचं सांग."

त्यानं सांगितलं. कुठला स्क्रू आधी, वायर कुठून काढायची, कुठं जोर लावायचा नाही. दादा कार्ड धरून उभा होता. कार्ड परत बसवून ट्रक चालवला तेव्हा खोलीत घरघर नव्हती. बारीक शिट्टीसारखा एक सूर तेवढा राहिला. तो विजेच्या भागांचा, त्यानं काही बिघडत नाही, असं अमोल म्हणाला. तरी वहिनींनी त्याला विचारून गेममधला चित्रांचा वेग कमी केला, तेव्हा तोही दबला. दादा जिना उतरताना एवढंच म्हणाला, "त्याला म्हनावं, दिवाळीला ये." आणि वहिनी म्हणाल्या, "त्यो ऐकतुय. तुमीच म्हना."

अमोल दिवाळीला आला. बापलेकांनी फार काही बोलून घेतलं नाही, पण एका ताटाशेजारी दुसरं ताट लागलं. त्यानंतर आई इथून आणि लेक तिकडून, दोघं रविवारी गेममधल्या एकाच रस्त्यावर आपापले ट्रक चालवायला लागले. वहिनी गेल्या त्याच्या आदल्या रविवारीही त्यांनी चालवला होता.

दहावा-तेरावा उरकला. अमोल परत जायला निघाला त्या सकाळी दादा त्याला म्हणाला, "वर चल. चालू कसं करायचं ते दाव."

मी अजूनही रविवारी नांद्याला जातो. माडीवरच्या खोलीत वहिनींच्या खुर्चीत दादा बसलेला असतो, चष्मा नाकावर, नांगर धरावा तसे दोन्ही हात कीबोर्डवर आवळून. त्याचा ट्रक सारखा रस्ता सोडून झाडाझुडपांत जातो. "ब्रेक दाबा, आबा," हैदराबादहून अमोल सांगतो. दादा पडद्यावरची नजर काढत नाही. "दाबतुय की," म्हणतो, "तू फुडं चाल. मी येतुय."